मँचेस्टर: जेवणासकट हॉल, पण कॉलेजपासून लांब. घ्यावा का?

शेवंती | १६ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेकीला मँचेस्टर विद्यापीठात केमिस्ट्रीच्या पदवीला प्रवेश मिळाला आहे. सीबीएसईचा निकाल लागला, अट पुरी झाली, आता राहण्याचा अर्ज भरायचाय. आणि नेमके इथेच घरात दोन तट पडलेत.

ह्यांचं म्हणणं, जेवणाची सोय असलेला हॉल, म्हणजे विद्यापीठाचं वसतिगृह, घ्यायचा. पोरगी अठराची, चहा आणि मॅगीपलीकडे गॅसजवळ गेलेली नाही. आयतं ताट मिळालं तर अभ्यास तरी होईल. आम्ही जे बघितले ते हॉल फॅलोफील्डला आहेत, म्हणजे कॉलेजपासून दोन मैल. लेकीचं म्हणणं, मी माझं रांधून खाईन, पण ऑक्सफर्ड रोडजवळ राहीन. उठलं की वर्गात.

आम्ही नाशिकचे. घर शाकाहारी, लेक बाहेर अंडं खाते, मटण-मच्छी नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून तर झोप लागत नाही. वेबसाइटवरचे फोटो झकास आहेत, पण फोटोत सगळेच हसतात. ज्यांनी प्रत्यक्ष दिवस काढलेत त्यांनी सांगा: जेवण कसं असतं, येणं-जाणं झेपतं का, आणि नाही आवडलं तर बदलता येतं का?

नारायणपेठी | १६ मे, रात्री १०:१५

लेकीचं अभिनंदन!

आधी आपली पुण्याची मेस डोक्यातून काढून टाका. इथे महिन्याचं कार्ड असतं, रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद, आणि गावाला जाताना आधी सांगितलं तर मावशी खाडे धरतात. तिकडे खाडे नाहीत. जेवणाचे पैसे भाड्यातच धरलेले, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. करार साधारण चाळीस आठवड्यांचा. ख्रिसमस आणि ईस्टरच्या सुट्टीत खोली तुमचीच असते, पण बऱ्याच ठिकाणी भटारखाना बंद असतो. जेवण नेमके किती आठवडे, आठवड्यातून किती वेळा, शनिवार-रविवारी काय, हे बोट ठेवून वाचा.

माझा मुलगा ब्रिस्टलला स्टोक बिशप भागात राहायचा. तिकडेही हाच प्रकार, हॉल एकीकडे आणि विद्यापीठ दुसरीकडे. मध्ये डाउन्स नावाचं अफाट माळरान. सप्टेंबरात त्याने धाडलेले फोटो बघून आम्हाला वाटलं, पोरगा महाबळेश्वरला गेलाय. जानेवारीत फोटो यायचे बंद झाले.

अवांतर: तिथला विल्स हॉल ज्या घराण्याच्या नावाने आहे ते सिगारेटवाले विल्स. आपल्याकडची एक अख्खी पिढी त्यांच्या नावाने खोकली.

उकडीचा_मोदक | १६ मे, रात्री ११:५०

काकू, मी मँचेस्टरलाच आहे, दुसऱ्या वर्षाला. पहिलं वर्ष फॅलोफील्डच्या जेवणवाल्या हॉलमध्ये होते. आधी भूगोल सांगते, कारण तो कळला की निम्मं कोडं सुटतं.

विद्यापीठ ऑक्सफर्ड रोडवर. तोच रस्ता दक्षिणेकडे विल्म्स्लो रोड होतो. आधी रशोम, म्हणजे ती प्रसिद्ध करी माइल, मग प्लॅट फील्ड्स पार्क, मग फॅलोफील्ड. सगळं एका सरळ रेषेत, त्यामुळे हरवायचा प्रश्न नाही. १४२ आणि १४३ नंबरच्या बस याच रस्त्याने धावतात, आणि इतक्या येतात की वेळापत्रक बघायची गरज पडत नाही. आता सगळ्या पिवळ्या बी नेटवर्कच्या. जानेवारी २०२५ पासून ग्रेटर मँचेस्टरच्या सगळ्याच बस सरकारी नियंत्रणात आल्या. रस्ता मोकळा असेल तर पंधरा मिनिटांत कॉलेज. पण नऊच्या लेक्चरला अख्खं फॅलोफील्ड एकदम निघतं. तेव्हा बस भरून येतात, थांबतीलच असं नाही. नऊचं लेक्चर असेल तर आठ-वीसला थांब्यावर उभं राहायचं. चालत पस्तीस-चाळीस मिनिटं. सायकलला वेगळी लेन आहे, पण साधं कुलूप लावाल तर सायकल विसरा. लोखंडी डी-लॉक घ्या.

जेवणाबद्दल: मुलांचा समज असतो की रोज उकडलेले बटाटे मिळतात. तसं नाही. पास्ता, करी, 'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), पिझ्झा, सॅलड, कसलं ना कसलं शाकाहारी पान रोज असतंच, आणि ज्याच्यासमोर 'व्हीगन' लिहिलंय ते डोळे मिटून घ्यावं. प्रश्न चवीचा नाही, तेच तेच येण्याचा आहे. हॉलची 'करी' म्हणजे गोडसर पिवळं काहीतरी, त्यात बेदाणे. पहिल्यांदा हसू येतं. नोव्हेंबरात येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १७ मे, सकाळी ७:०५

बेदाण्याची करी! अरे बाप्पा!! शेवंतीताई, पोरीसंगं ठेचा द्या, लसणाची चटणी द्या, सगळं निस्तरते. माझ्या भाच्याने शेंगदाण्याच्या चटणीची बरणी जेवणाच्या टेबलावर नेली, तर आठ दिवसांत टेबलावरची इंग्लिश पोरं 'ब्राउन डस्ट' मागू लागली.

पण सामान भरताना एक ध्यानात ठेवा. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचा आणि मांसाचा कुठलाच पदार्थ नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही, खवा नाही. आजी रडली तरी नाही. विमानतळावर काढून घेतात. ओला कढीपत्ताही नको. पापड, लोणचं, मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या खुशाल न्या. तूप तिकडे दुकानात मिळतं.

गोदाकाठ | १७ मे, सकाळी ९:३०

मीही नाशिकचीच, सध्या लीड्सला. शाकाहाराबद्दल लिहिते, कारण 'शाकाहारी मिळतं का' हा प्रश्न अपुरा आहे. मिळतंच. प्रश्न असा की तिकडच्या स्वयंपाक्याला जे शाकाहारी वाटतं ते तुम्हाला वाटेल का.

जेलीत आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. खरं पार्मेझान चीझ वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं. वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. जुन्या पद्धतीच्या पुडिंगमध्ये सुएट, म्हणजे जनावराची चरबी. ब्रिटनमध्ये चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे काउंटरवर तक्ता असतो आणि लोकांना वाटतं की आता काळजी मिटली. पण तो तक्ता ॲलर्जीसाठी आहे, आपल्या पथ्यासाठी नाही. मासा, दूध, अंडं त्या चौदांत आहेत. जिलेटिन नाही. म्हणून तक्त्यावर न विसंबता काउंटरमागच्या माणसाला विचारायचं. पहिल्याच आठवड्यात हॉलच्या शेफला गाठून आपलं खाणं सांगितलं तर ते लक्षात ठेवतात, हा माझा अनुभव चांगला आहे. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या माझ्या जैन मैत्रिणीचं मात्र कठीण झालं. तिने स्वतः रांधायचाच हॉल घ्यायला हवा होता.

एकादशीला भाजलेला अख्खा बटाटा आणि लोणी. बीन्स नको म्हणून सांगायचं, नाहीतर वरून ओततात.

शेवंती | १७ मे, सकाळी ११:१०

किती छान लिहिताय सगळे! ह्यांना वाचून दाखवलं. रोज शाकाहारी पान असतं म्हटल्यावर ते एकदम विजयी मुद्रेत. म्हणजे मग फॅलोफील्ड नक्की करावं का?

प्रयोगशाळेतला_उंदीर | १७ मे, दुपारी १:२५

थांबा! नक्की करू नका.

आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत जेवण वेगळं आणि अंतर वेगळं धरलंय. हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. तुमची मुलगी केमिस्ट्रीला चाललीय. मीही केमिस्ट्रीवाला, विद्यापीठ दुसरं, पण हॉल असाच लांबचा, जेवणासकट. म्हणून माझा लॅबचा दिवस कसा जायचा ते लिहितो.

नाश्ता सकाळी साडेसातला सुरू. नऊला लेक्चर, म्हणजे सव्वाआठला बाहेर पडायचं. नाश्त्याला बसायचं तर पावणेआठच्या आत खाली. अठरा वर्षांच्या मुलांपैकी किती जण हिवाळ्यात, बाहेर मिट्ट काळोख असताना, पावणेआठला खाली येतात? डिसेंबरात मँचेस्टरला सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पहिल्या महिन्यानंतर आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलांनी सकाळचं जेवणघर बघितलेलं नव्हतं.

दुपारचं जेवण भाड्यात नाहीच. आणि असतं तरी दोन मैल मागे जाऊन जेवून परत येणार कोण? म्हणजे दुपारी बाहेर विकत खायचं, नाहीतर सकाळच्या नाश्त्यातला पाव रुमालात गुंडाळून न्यायचा. हे काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी नाही.

दुपारी प्रॅक्टिकल. कागदावर पाचला संपतं. पण कंडेन्सर धुऊन, कचरा वेगळा करून, वही सही करून घेईपर्यंत साडेपाच. बसला गर्दी, हॉलवर पोचायला सव्वासहा. आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेपाच ते सात. सव्वासहाला गेलं तर शाकाहारी ट्रे तळाशी खरवडलेला, कारण मांसाहारी मुलंही चवीत बदल म्हणून तोच वाढून घेतात. आणि नंतर वाचनालय, एखादा क्लब, नाटकाची तालीम असं काही करायचं असेल तर जेवायला दोन मैल जा आणि पुन्हा दोन मैल या. बहुतेक जण एक तर क्लब सोडतात, नाही तर जेवण.

म्हणजे जेवणासकट हॉल लांब असला की तुमचा दिवस जेवणघराच्या घड्याळाला बांधला जातो. हॉल कॉलेजशेजारी असता तर हेच जेवण सोन्यासारखं होतं. म्हणून 'जेवण चांगलं आहे का' हे नंतर विचारा. आधी पहिल्या वर्षाचं वेळापत्रक मिळवा, लॅब कुठल्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत ते बघा, आणि त्याच्या शेजारी जेवणाच्या वेळा ठेवा.

एक सोय असते जी कुणी सांगत नाही. उशीर होणार असेल तर बऱ्याच हॉलमध्ये आधी नोंदवून ताट झाकून ठेवायला सांगता येतं, किंवा दुपारसाठी डबा बांधून मिळतो. अर्ज करण्याआधी ईमेल करून लेखी विचारा.

हिशेबनीस | १७ मे, दुपारी ३:००

उंदीरभाऊंचं बरोबर आहे. त्यात आकडे घालतो. आकडे समजुतीसाठी आहेत, खरे यंदाच्या यादीतून घ्या.

समजा तसल्याच खोलीचं जेवणासकट आणि जेवणाशिवाय भाडं यांत आठवड्याला ६० पौंडांचा फरक आहे. चाळीस आठवड्यांचे झाले २,४००. स्वतः रांधून खाणाऱ्या शाकाहारी मुलीचा नाश्ता आणि रात्रीच्या जेवणाचा किराणा ३५ ते ४० पौंडांत बसतो, माझ्या मुलाचा बसायचा. म्हणजे सगळी जेवणं जेवली तर वीस-पंचवीस पौंडांत भांडी-बाजार-फोडणीतून सुटका. हा सौदा वाईट नाही. पण आठवड्याला दोन रात्रीची जेवणं चुकली आणि बाहेर आठ-आठ पौंडांना खाल्लं, तर ६० चे ७६ झाले. घरी रांधणारीच्या दुप्पट. बसचा पास यात धरलेला नाही. काही विद्यापीठांत लांबच्या हॉलवाल्यांना तो भाड्यात मिळतो, काही ठिकाणी नाही, तेही विचारा.

थोडक्यात, जो वेळेवर जेवतो त्याला परवडतं. तुमच्या घरात वेळेवर कोण जेवतं ते तुम्हालाच ठाऊक.

एकलकोंडा | १७ मे, सायंकाळी ६:४०

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय.

मी मूळचा सांगलीचा, घुम्या. वर्गात कुणाशी बोलायचो नाही, पहिल्या वर्षी तर अजिबात नाही. स्वतः रांधायच्या फ्लॅटमध्ये आठ खोल्या आणि एक स्वयंपाकघर असतं. ते सात जण नशिबाने मिळतात. माझा वर्गमित्र तसल्या फ्लॅटमध्ये होता, त्याचे फ्लॅटवाले जेवण ताटात वाढून घेऊन आपापल्या खोलीत जायचे आणि दार लावायचे. त्याने ते वर्ष लॅपटॉपसमोर जेवून काढलं.

मी जेवणवाल्या हॉलमध्ये होतो. तिथे संध्याकाळी ट्रे घेऊन उभं राहिलं की कुठेतरी बसावंच लागतं. 'इथे कुणी आहे का?' एवढं विचारायचं, संपलं. अडीचशे-तीनशे मुलं, रोज वेगळं टेबल. आज ज्या दोघांना मी मित्र म्हणतो ते असे भेटले. एक जण संगीत शिकणारा, एक दंतवैद्यकाचा. माझ्या वर्गात ते कधीच नसते. जेवण बेचवच होतं. पण आजारी पडून दोन दिवस खाली आलो नाही तर तिसऱ्या दिवशी वाढणारी बाई कुणाला तरी वर पाठवायची. फ्लॅटमध्ये कोण बघतं?

आणि लांब असल्याचाही एक फायदा झाला. हॉलवर आलं की कॉलेज संपलं. कॉलेजशेजारी राहणारे रात्री अकरालाही वाचनालयात जाऊन बसायचे, आणि तिथेच झोपायचे.

शेवंतीताई, मुलगी बोलकी आहे की घुमी, ते लिहिलं नाहीत. माझ्या मते वेळापत्रकाइतकंच ते महत्त्वाचं.

प्रयोगशाळेतला_उंदीर | १७ मे, सायंकाळी ७:१०

@एकलकोंडा, पटलं. टेबलाचा मुद्दा माझ्याकडून राहिला. पण ते टेबल मिळायला सातच्या आत पोचावं लागतं हे तुम्हीही मान्य कराल.

एकलकोंडा | १७ मे, सायंकाळी ७:२२

मी इतिहासवाला. माझं शेवटचं लेक्चर तीनला संपायचं :)

नारायणपेठी | १७ मे, सायंकाळी ७:४५

घ्या! म्हणजे हॉल कुठला घ्यायचा ते विषयावर ठरतं.

अवांतरसम्राट | १७ मे, रात्री ८:३०

लांबच्या जेवणवाल्या बिऱ्हाडांचा विषय निघालाच आहे तर आठवण करून देतो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर लंडनला प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहायचे. शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि दिवसभर बैठक ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. सकाळचा नाश्ता घरमालकिणीकडे, आणि तो किती तुटपुंजा असायचा ते चरित्रांतून वाचायला मिळतं. रात्री भूक लागली की एका स्नेह्याने दिलेले पापड. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. लेक लंडनला गेली तर जरूर दाखवा. आणि सामानात पापड जरा जास्तच भरा.

लेस्टरवाली_मामी | १७ मे, रात्री ९:५५

+१ पापडाला.

आमच्या लेस्टरला विद्यापीठाची जुनी वसतिगृहं ओडबीला, गावाबाहेर, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाच्या शेजारी. परिसर इतका देखणा की पाहुण्यांना फिरायला नेतो. पण गुजराती-मराठी किराणा आणि फराळ मिळतो तो बेलग्रेव्ह रोडला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझा भाचा ओडबीला राहायचा, तो सहज जाऊ म्हणायचा आणि कधी गेला नाही. दर दिवाळीला मीच डबा नेऊन द्यायचे.

तुमच्या लेकीचं नशीब या बाबतीत बरं. फॅलोफील्ड आणि कॉलेज यांच्या वाटेवरच करी माइल आहे, बसमधून उतरलं की दुकान. हल्ली तिथे शावरमा आणि हुक्क्याची दुकानं वाढलीत, पण डाळ, पोहे, कोथिंबिरीची जुडी, हिरव्या मिरच्या मिळायला अडचण नाही.

एक मात्र विचारून ठेवा. जेवणवाल्या हॉलमध्ये मजल्यावर स्वयंपाकघर नसतं, नुसती पॅन्ट्री असते: किटली, टोस्टर, मायक्रोवेव्ह, एक फ्रिज दहा जणांत. शेगडी नसते. राइस कुकर, इंडक्शन बहुतेक ठिकाणी खोलीत चालत नाही, सापडला तर उचलून नेतात. मग अशा वेळी उपयोगाला येतात ते दडपे पोहे. पातळ पोहे, कांदा, टोमॅटो, खोबरं, लिंबू, मीठ-साखर, गॅसची गरजच नाही. वरून तळलेले दाणे, ते घरूनच न्यायचे. मायक्रोवेव्हमध्ये मुगाची खिचडीही होते, भांडं मात्र मोठं हवं, नाहीतर उतू जाऊन आत पिवळा रंग बसतो तो बसतोच.

कोल्हापुरी_पायताण | १७ मे, रात्री १०:३०

बदलायचं काय ते कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी लिहितो. करार म्हणजे करार. नाही आवडलं म्हणून महिनाभराची नोटीस देऊन सुटता येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे खोलीबदल बहुतेक ठिकाणी बंदच असतो, मग जागा रिकामी असली तर अर्ज करता येतो. विद्यापीठाचा हॉल सोडून बाहेर जायचं तर आपल्या जागी दुसरा विद्यार्थी आणावा लागतो. लई जणांनी जानेवारीत 'माझी खोली घेता का' म्हणून फेसबुकवर टाकलेलं बघितलंय. त्यामुळं आधीच काय ते भांडून घ्या घरात.

दुसऱ्या वर्षी बहुतेक मुलं फॅलोफील्डलाच घर भाड्यानं घेतात. त्याची पळापळ नोव्हेंबरातच चालू होते. पोरीला आधीच सांगून ठेवा, घाबरून पहिल्या सही मागणाऱ्याला सही देऊ नको. घरं संपत नाहीत.

शेवंती | १८ मे, सकाळी १०:०५

रात्री सगळे प्रतिसाद तिघांनी मिळून वाचले. 'वेळेवर कोण जेवतं' या वाक्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी लेकीकडे, आणि लेकीने फोनकडे. @एकलकोंडा, मुलगी बोलकी आहे, पण अनोळखी लोकांत पहिले पंधरा दिवस गप्प असते. तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला, मला न सांगता.

पुढचं तीच लिहितेय.

शेवंती | १८ मे, सकाळी १०:३०

हाय, मी लेक. आईच्या आयडीवरून लिहितेय.

सगळ्यांना थँक्यू, मनापासून. मी काल डिपार्टमेंटला ईमेल केला आहे की पहिल्या वर्षाच्या लॅब साधारण कुठल्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत असतात. आणि हॉलच्या ऑफिसला विचारलंय की उशिराचं ताट मिळतं का, मोदकताई म्हणाली तसं व्हीगन पान मी घेऊ शकते का, आणि पॅन्ट्रीत नेमकं काय काय असतं.

माझं अजूनही स्वतः रांधायचंच मत आहे. बाबांना मी सांगितलंय की ऑगस्टपर्यंत वरण, भात, दोन भाज्या आणि पोळी शिकते, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तिथे राहीन. पोळी बहुतेक राहील. पण टेबलवाला मुद्दा मला खरंच लागला. मला वाटत होतं जेवणासकट म्हणजे नुसती आळशी लोकांची सोय.

मोदकताई, एक विचारायचं होतं: जेवणवाले सगळे हॉल फॅलोफील्डलाच आहेत का?

उकडीचा_मोदक | १८ मे, दुपारी १२:१५

नाहीत ना! मी हे पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. व्हिक्टोरिया पार्क नावाचा भाग आहे, रशोमच्या शेजारी, फॅलोफील्डच्या निम्म्या अंतरावर. हल्म हॉल, डाल्टन-एलिस हे तिकडचे जुने हॉल, जेवणासकटवाले. फॅलोफील्डच्या ॲशबर्न हॉलसारखेच हेही जुन्या काळातले, लाल विटांचे, झाडीतले. यंदा कुठे कुठे जेवण आहे ते या वर्षीच्या यादीत बघ, दरवर्षी थोडं बदलतं. तिथून कॉलेज चालत वीस-पंचवीस मिनिटं. बस नाही मिळाली तरी अडत नाही, आणि पाचला लॅब सुटली तर पावणेसहाला ताटावर.

तोटा एवढाच की फॅलोफील्डची रात्रीची धमाल तिथे नाही. हजारो पहिल्या वर्षाची मुलं एका जागी, सततच्या पार्ट्या, ते सगळं फॅलोफील्डला. काहींना तो तोटा वाटतो. मला पहाटे तीनला खिडकीखाली गाणी ऐकून ऐकून तो फायदाच वाटायला लागला होता.

रात्री येण्याबद्दल आईला सांग: मुख्य रस्त्यावर बस उशिरापर्यंत असतात आणि वर्दळ असते. पार्कमधून शॉर्टकट मारायचा नाही, फॅलोफील्ड असो की व्हिक्टोरिया पार्क.

हिशेबनीस | १८ मे, दुपारी १:००

चालत जाता आलं तर पास वाचला, आणि चुकणारी जेवणंही वाचली. या हिशेबात व्हिक्टोरिया पार्क सरस.

शेवंती | १८ मे, रात्री ९:२०

लेकच. यादी बघितली. पसंतीक्रम असा भरतेय: पहिला व्हिक्टोरिया पार्क जेवणासकट, दुसरा ऑक्सफर्ड रोडजवळ स्वतः रांधायचा, तिसरा फॅलोफील्ड. बाबा म्हणाले तिसरा दुसरा कर. आई म्हणाली ईमेलची उत्तरं येईपर्यंत काहीच भरू नका. त्यामुळे अर्ज अजून तसाच आहे.

आणि एक शेवटचं. दुसऱ्या पसंतीचा मिळाला तर फोडणी दिल्यावर फायर अलार्म वाजतो हे खरं आहे का? मैत्रीण म्हणतेय तिच्या भावाने अख्खी इमारत रस्त्यावर आणली होती.

गोदाकाठ | १८ मे, रात्री ९:४५

खरं आहे, पण टाळता येतं. स्वयंपाकघरात सहसा उष्णतेवर चालणारा सेन्सर असतो, तो फोडणीच्या धुराने वाजत नाही. पॅसेजमध्ये आणि खोल्यांत धुरावर चालणारा असतो. म्हणून स्वयंपाकघराचं दार कायम बंद. त्याला खुर्ची लावून उघडं ठेवायचं नाही, कितीही उकडलं तरी. पंखा आधी लावायचा, मग तेल तापवायचं. मोहरी मंद आचेवर, आणि मिरची नेहमी शेवटी.

खोलीत उदबत्ती लावायची नाही. तुझ्या मैत्रिणीच्या भावाचं माहीत नाही, पण आमची इमारत गणपतीत रस्त्यावर आली होती.